रमाबाईंना ठाऊक असलेली भूक

श्रोतेहो, प्रभूच्या नावाने तुम्हां सर्वांना सलाम.

लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे दिवस चालू आहेत. या दिवसांत आपण मंडळीत क्रूसाविषयी पुष्कळ ऐकतो. मला आज एका भुकेविषयी बोलायचं आहे. ही भूक पंडिता रमाबाईंची.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब दक्षिण भारतात तीर्थाटन करत फिरत होतं. पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं, असा त्यांचा क्रम. दुष्काळात दक्षिणा आटली. पैसे संपले, मग दागिने, मग भांडी, मग चांगली वस्त्रं. शेवटी सगळे रानात गेले. अकरा दिवस पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर, एवढंच पोटात गेलं. म्हातारे, अंध झालेले शास्त्रीबुवा जलसमाधी घ्यायला निघाले. धाकट्या लेकीला, रमाला, त्यांनी उराशी धरलं आणि सांगितलं, की तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. तेवढ्यात मुलगा पुढे झाला. मी मजुरी करीन, पण असं मरायचं नाही, असं म्हणाला. वेदशास्त्र शिकलेल्या घरातला तो मुलगा, त्याच्या तोंडी हे शब्द येणं सोपं नव्हतं. जलसमाधी टळली, पण मरण टळलं नाही. आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग मोठी बहीण.

रमाबाई उरल्या आणि भाऊ उरला. पुढे १८८० मध्ये भाऊही गेला. रमाबाईंचं लग्न झालं, आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती गेले. पदरात तान्ही मनोरमा. रमाबाईंचं वय तेव्हा अजून २४ सुद्धा नव्हतं.

इथे थांबून एक गोष्ट मला अगदी स्पष्ट सांगायची आहे. दुःखाने माणूस आपोआप मोठा होतो, हे खरं नाही. दुःखाने कडू झालेली, दुसऱ्याचं बरं न पाहवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी पाहिली आहेत. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण ‘देव दुःख देतो ते आपल्या भल्यासाठीच’ असं एखाद्याच्या मयतीच्या घरी जाऊन सांगणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं बोलू नका. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनेसुद्धा हा दुःखाचा प्याला टळून जावो अशीच प्रार्थना केली होती.

मग वाढ होते ती कुठे? प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला दुसरं पत्र लिहिलं, त्याच्या पहिल्याच अध्यायात तो म्हणतो, की देव आमच्या सगळ्या संकटांत आमचं सांत्वन करतो, ते यासाठी की त्याच सांत्वनाने आम्ही संकटातल्या दुसऱ्यांचं सांत्वन करावं. हे वाचताना ‘यासाठी की’ या शब्दांवर मी दर वेळी थांबतो. सांत्वन मिळालं आणि गोष्ट संपली, असं पौल म्हणत नाही. ते पुढे द्यायचं असतं.

रमाबाईंना हे एका दिवसात उमगलं नाही. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलहॅमला, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांना कोणी जवळ घेतं, हेच त्यांना नवं होतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा, जिला लोक हलकी समजत आणि जिच्याशी येशू आपण होऊन बोलला. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि तरी पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहिलं आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी काही वर्षं गेली. जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य झोपू देत नाही.

या बाप्तिस्म्याची किंमत त्यांनी दोन्हीकडून मोजली. शारदा सदन म्हणजे विधवा आणि मुलींसाठी रमाबाईंनी काढलेली निवासी शाळा. तिथल्या मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ मध्ये पुण्यातलं सल्लागार मंडळ दूर झालं. त्यात रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं होती. अनेक मुलींना पालकांनी काढून नेलं. तिकडे इंग्लंडातल्या सिस्टरांनाही ही शिष्या फार प्रश्न विचारणारी आणि हट्टी वाटत होती. आपल्यांनी टाकलं आणि ज्यांच्यात गेलो त्यांनाही पूर्ण कळलो नाही, हे एकटेपण उपाशीपोटाइतकंच खरं असतं.

मग १८९६ साल उजाडलं. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई ३८ वर्षांच्या. हाताशी पैसा थोडा. सदनातली जबाबदारी आधीच मोठी. न जायला कारणं भरपूर होती. पण रानातले ते अकरा दिवस त्यांच्या आठवणीत होते. त्या गेल्या. दुष्काळी छावण्यांमध्ये हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, त्या मुलींवर टपून बसलेले पुरुषही पाहिले, आणि जवळजवळ ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. प्लेगमुळे त्यांना पुणे शहरात ठेवणं अशक्य झालं. तेव्हा दौंडच्या अलीकडे केडगावला, सदनाच्या खर्चासाठी फळबाग लावावी म्हणून घेतलेल्या जमिनीवर राहुट्या ठोकल्या. तेच पुढचं मुक्ती सदन. १९०० पर्यंत तिथे सुमारे १,५०० माणसं राहत होती.

उपाशी मुलीला आधी काय द्यावं, किती द्यावं, ती भाकरी लपवून का ठेवते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं असेल असं मला वाटत नाही.

आणि हो, ही बाई मुकाट्याने सोसणारी नव्हती. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये जाहीर पत्र लिहिलं. इंग्रज सरकार नाराज झालं, पण त्या डगमगल्या नाहीत. विधवेने केस उतरवून, अर्धपोटी राहून सोसणं हेच पुण्य, या समजुतीशी त्या आयुष्यभर लढल्या. म्हणून माझ्या ऐकणाऱ्या भगिनींना मी सांगतो, नवऱ्याची मारझोड म्हणजे तुमचा क्रूस नव्हे. क्रूस प्रभूने स्वतः होऊन, प्रेमाने उचलला. तो कुणी कुणाच्या पाठीवर लादायचा नसतो.

शेवटची वर्षं. ऐकू कमी येऊ लागलेलं. संस्कृतची पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत बसली. बारा वर्षांहून अधिक काळ. छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला सदनातल्याच मुली, कधीकाळी दुष्काळातून आणलेल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, कामाची वारस. त्यानंतरही प्रुफं तपासणं चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांचा तरणाताठा मुलगा एका सरकारी दवाखान्यात गेला. वर्षभर त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. प्रार्थनेला यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, आशीर्वादाच्या आधीच निघून जायच्या. आम्ही पाळकांनी पुष्कळ वचनं सांगितली. आता वाटतं, थोडी कमी सांगायला हवी होती.

मग एका गुरुवारी त्या त्याच दवाखान्यात गेल्या. आता दर गुरुवारी जातात. मी एकदा बरोबर गेलो होतो. वॉर्डाबाहेरच्या जिन्याजवळ पेशंटचे नातेवाईक चटया टाकून बसतात, तिथे त्या बसल्या. पिशवीतून भाकऱ्यांचा डबा काढला, मटकीची उसळ काढली, कागदात बांधलेलं मीठ काढलं. आणि सगळ्यांत खालून मोबाइलचा चार्जर काढला. एक नाही, तीन प्रकारचे.

मी विचारलं, “मावशी, हे कशाला?”

त्या म्हणाल्या, “पास्टरसाहेब, माझा बाळ गेला त्या रात्री माझा फोन बंद पडला होता. घरी कळवायला चार्जर मागत मी या जिन्यावर फिरत होते.”

एवढ्यात एक तरुण मुलगी आली, डोळे सुजलेले, हातात बंद पडलेला फोन. मावशींनी तिला काही विचारलं नाही. वायर लावून दिली, आपल्या चटईवर सरकून जागा केली, आणि तिच्यापुढे अर्धी भाकरी धरली.