न दिसणारा विस्तव

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचा विषय निघतो आणि सगळ्यांची नजर जाते पुढच्या दारावर. भिंतींचं काय, डिस्टेंपरचा हात मारला की उजळतात. दाराचं तसं नसतं. ऑइलपेंटवर ऑइलपेंट चढलेला, कडेला पापुद्रे सुटलेले, पावसाळ्यात दार चौकटीत अडकणारं. पूर्वी रंगारी ब्लो लॅम्पची ज्योत फिरवून हा रंग उतरवायचे. आता त्याच कामाला हीट गन मिळते आणि ती घरोघरी पोचलीय. मोटारी रिवाइंड करणं हा माझा धंदा. वायरच्या सांध्यावर स्लीव्ह, म्हणजे उष्णतेनं आकसणारी प्लास्टिकची नळी, आवळायला ही गन मी रोज हातात घेतो, म्हणून आज तिच्याबद्दल बोलतोय.

दिसायला ती थेट केस वाळवायच्या ड्रायरसारखी. घोटाळा इथूनच सुरू होतो. आतली रचनाही तशीच: मागे पंखा, पुढे नायक्रोमची तापणारी तार. पण ड्रायरचा वारा डोक्याला सोसतो, आणि हिच्या तोंडातून निघणारा वारा मोठ्या बटणावर 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत जातो. फोडणीचं तेल धुरकटायला लागतं तेव्हा ते सव्वादोनशेच्या आसपास असतं, यावरून अंदाज करा. आणि ज्योत नाही, लाली नाही, धूर नाही. विस्तव दिसला की माणूस आपोआप हात मागे घेतो. वाऱ्याला कोण घाबरतं?

मीही घाबरलो नव्हतो. गावच्या घराचं दार खरवडायला घेतलं तेव्हा या कामात मी चांगला मुरलेला होतो. रंग तापला की आधी चमकतो, मग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो, फुगतो. त्याच क्षणी पट्टी सरकवायची, लांबच लांब साल निघते. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली कॉफी रंग. हात असा रंगला की चौकटीचा वरचा कोपरा कधी आला कळलं नाही. तिथला रंग हट्टी निघाला, म्हणून मी वारा एकाच जागी धरून ठेवला. मग बटण बंद करून चहाला बसलो.

वीस-पंचवीस मिनिटांनी आई म्हणाली, “अरे, गवरी धुमसल्यासारखा वास येतोय.”

मी म्हटलं, “आई, काडीसुद्धा ओढलेली नाही, वास कुठून येणार?”

उठून बघतो तर चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून दोऱ्याएवढा धूर. आत चिमणीचं जुनं घरटं होतं, वाळकं गवत आणि कापूस. गन बंद झाली तरी ते आतल्या आत धुमसत राहिलं होतं. भिंतीतून वायर गेलेली, म्हणून आधी मेन स्विच पाडला आणि मग दोन तांबे पाणी ओतलं. आम्ही चहा पिऊन बाजाराला गेलो असतो तर काय झालं असतं, ते आईनं मला संध्याकाळपर्यंत ऐकवलं.

तेव्हापासून काम संपल्यावर निदान तासभर मी ती जागा सोडत नाही. लाकूड तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपतो. फट, भोक, पोकळ पॅनेल, वाळवीनं खाल्लेली जागा दिसली की तिथं गन लावतच नाही, नुसती पट्टी आणि पॉलिश पेपर. पाण्याची भरलेली बादली हाताशी ठेवतो. आणि गन एका जागी धरायची नाही, इस्त्रीसारखी फिरती ठेवायची. रंगापासून तीन-चार बोटं अंतर राखायचं. तोंड अगदी टेकवलं तर गरम हवा उलटी आत शिरते आणि गनची स्वतःचीच तार जळते.

आता विजेचं. 2000 वॅटची गन आपल्या 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढते. भिंतीवरचा लहान सॉकेट 6 अँपिअरचा. पण कित्येक गनना पातळ पिनांचा प्लग येतो आणि तो त्या लहान सॉकेटात खुशाल बसतो. म्हणून बसला की चालतो असं समजू नका. गीझरचा किंवा इस्त्रीचा मोठा पॉइंट वापरा. टीव्हीमागचा एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. जाड वायरची एक्स्टेन्शन असेल तरी ती पूर्ण उलगडून घ्या, गुंडाळलेली वायर आतून तापते. पाच मिनिटांनी बटण बंद करून प्लग काढा आणि हात लावून बघा. कोमट लागला तर त्या सॉकेटवर काम थांबवा.

बंद केलेली गन ही दुसरी फसवी गोष्ट. आवाज थांबला की माणसाला वाटतं काम संपलं. नळी मात्र दहा-पंधरा मिनिटं चटका देण्याइतकी गरम असते. बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं सगळ्यात कमी तापमानावर चालवा, म्हणजे पंखा तिला निववतो. मग तोंड वर करून फरशीवर उभी ठेवा. गोणपाटावर, वर्तमानपत्रावर, सोफ्यावर आडवी टाकू नका. घरात रांगतं मूल असेल तर फरशीवरही नको.

थिनर आणि टर्पेंटाइन त्या खोलीत नकोच. रंग काढायला आधी रिमूव्हर लावला आणि मग घाईनं गन फिरवली, असं करणारे लोक मी पाहिलेत. अंगावर सुती कपडे घाला, पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. नायलॉन, पॉलिस्टर पेटण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. पीव्हीसी पाइप वाकवताना तो मऊ होईपर्यंतच तापवा, 80 अंशांच्या पुढे तो नरमतोच. करपला की त्यातून घसा जाळणारा वायू निघतो.

जुन्या रंगाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत ठेवायचा नियम 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, जुन्या वाड्यांच्या दारांत तर धरूनच चाला. अमेरिकेत अशा रंगावर 1100 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 593 सेल्सिअसच्या आतलीच गन वापरायला परवानगी आहे, कारण त्याहून जास्त तापलं की शिशाचा धूर निघतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर माझं ऐका, हे काम घरात करूच नका. दार बिजागऱ्यांतून काढून अंगणात न्या, पाणी मारून घासा. सालपटं ओल्या फडक्यानं गोळा करा. कोरडा झाडू मारला तर तीच धूळ जेवणाच्या ताटापर्यंत जाते. आणि नाकाला बांधलेला रुमाल शिशाच्या धुरापुढे काही कामाचा नाही.

भाजलंच, तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, दोन मिनिटांनी बरं वाटलं म्हणून हात काढू नका. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी उतरवा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, हातावर असेल तर डॉक्टरकडे जा.

आमचं दार पुढे पूर्ण झालं. कॉफी रंगाखाली सागवान निघालं आणि आईनं वर रंग द्यायला साफ नकार दिला, आता वर्षातून दोनदा जवसाचं तेल पुसतो. झडपेच्या काचेभोवती मात्र बोटभर हिरवा रंग अजून तसाच आहे. काचेच्या एका कडेला असा वारा लागला की ती तडकते, म्हणून तिथं मी गन नेली नाही. पाहुणे विचारतात, “हे एवढंच का राहिलं?” आई सांगते, “राहू दे, ती काच माझ्या लग्नाआधीची आहे.”

नमस्कार.