नोंद माहेरी असते

श्रोतेहो, नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी चौतीस वर्षं लिपिक होतो. जनरल रजिस्टर, टी.सी., निर्गम उतारे यातच जन्म गेला. निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटलो कागदातून. कसलं सुटतोय! लातूर पॅटर्ननं पोरं पुण्याला पाठवली आणि पुण्यानं ती अमेरिकेला. आता ती तिथली नागरिक झाली आणि आईबापाला कायमचं बोलवायला लागली. मग आईबाप पिशवीत कागद घालून माझ्या ओट्यावर येतात. "गुरुजी, एवढं बघा." मी गुरुजी नाही, बाबू आहे, पण म्हणू द्या.

तर आज बोलायचंय ते या कायमच्या व्हिसाच्या कागदांबद्दल. फिरायला जायचा व्हिसा वेगळा, कायमचा वेगळा. कायमच्याला इमिग्रंट व्हिसा म्हणतात. त्यासाठी काय काय लागतं ते सांगतोच, पण आधी एक वाक्य ध्यानात ठेवा, मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. जिथं घडलं, तिथं नोंद. जन्म जिथं झाला तिथं जन्माची नोंद, मरण जिथं आलं तिथं मरणाची. तुम्ही राहता कुठं, मतदान कुठं करता, सातबारा कुठला, याचा तिथं काही संबंध नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधण्याच्या धांदलीत मराठवाड्यात नोंद हा शब्द लहान पोरालाही कळायला लागलाय. हैदराबाद गॅझेट, निजामाच्या काळचं दप्तर, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली धूळ, सगळं आपल्या पाठ झालंय. त्यामुळं जुनं रजिस्टर म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. सरळ आमच्या आक्काची गोष्टच सांगतो.

आक्का माझी थोरली बहीण. तिला दिलेली केज तालुक्यात. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला, तिथला नागरिक झाला. 2018 च्या दिवाळीत त्याचा फोन आला. "मामा, आईचा अर्ज भरायचाय. माझा जन्माचा दाखला पाहिजे, आईचं नाव असलेला." मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? पासपोर्ट काढताना त्यानं दहावीची सनद लावलेली, जन्माचा दाखला कुणी कधी मागितलाच नव्हता. आपल्याकडं टी.सी. असली की माणूस जन्मला असं धरतात.

गेलो केजकडं. त्यांच्या गावच्या ग्रामसेवकानं 1976 चं रजिस्टर काढलं, दोनदा उलटंपालटं केलं. नोंद नाही. आठ दिवसांनी परत गेलो. 75 चं बघितलं, 77 चं बघितलं. नाही. शेवटी त्यानं नोंद आढळून येत नाही असा दाखला दिला. मीही तो घडी करून खिशात घातला आणि आक्काच्या घरी चहाला गेलो. आक्का भाकरी थापत होती. माझं ऐकलं आणि परातीतला हात तसाच ठेवून म्हणाली, "आरं, त्यो हितं कुठं जन्मला? पयलं बाळंतपण माहेरी नसतं व्हय? त्यो आपल्या माळवदात झालाय. सुईणीला बोलवाया कंदील घेऊन तूच गेलतास की!"

खरंच मीच गेलो होतो. ऑगस्टचा महिना, ओढ्याला पाणी, चिखलात चप्पल रुतून राहिली ती राहिलीच. आणि मी शहाणा, चौतीस वर्षं दाखले लिहिलेला, दोनदा केजला जाऊन आलो!

जिथं घडलं, तिथं नोंद. आपल्याकडं पहिलटकरीण माहेरी येते, म्हणून थोरल्या लेकराची नोंद बहुतेक आजोळच्या गावात असते. तुमच्या गावच्या रजिस्टरात थोरला सापडत नाही आणि धाकटा सापडतो, तेव्हा आधी आईला विचारा.

आता आमचं गाव कुठलं? औसा तालुका, किल्लारीच्या अलीकडं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला आलेले, गणपती बुडवून लोक नुकते निजलेले. आमचं माळवद गेलं. दगडमातीची ती घरं, उन्हाळ्यात गारेगार, पण त्या पहाटे अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली भागात. त्यावर आज बोलत नाही. ग्रामपंचायतीची खोलीही बसली. मग 1976 चं रजिस्टर कुठून असणार? मी आशा सोडली होती.

नव्या गावात गेलो. पुनर्वसनाची घरं, रुंद रस्ते, सगळीकडं सोयाबीन. जाता जाता सांगतो, तिकडं आता ज्वारी शोधून सापडत नाही. हुरड्याच्या वयाची पोरं हुरड्याचे फोटो बघतात. बरं, ते राहू द्या. पारावर म्हाताऱ्यांना विचारलं तर एक जण हसायलाच लागला. म्हणाला, "दप्तर हाय की. त्या वक्ताचा ग्रामसेवक गावात राहतच नव्हता." तो तालुक्याला राहायचा, सायकलवर रजिस्टरं बांधून घरी न्यायचा आणि तिथंच लिहायचा. गावानं त्याच्यावर बीडीओकडं तक्रार केलेली, मुक्कामी राहत नाही म्हणून, आणि तीही भूकंपाच्या आधीच्याच श्रावणात. भूकंप झाला तेव्हा दप्तर त्याच्या घरी खाटेखाली होतं, म्हणून वाचलं. ग्रामसेवक मुक्कामी राहत नाही म्हणून मी आयुष्यभर शिव्या घातल्यात, श्रोतेहो. हा एक सोडून देतो.

रजिस्टर उघडलं. कापडी पाठ, कडा उंदरानं खाल्लेल्या, निळी शाई पुसट जांभळी झालेली. बोट ठेवत ठेवत आलो, तर 3 ऑगस्ट 1976. पुढं लिंग, पुरुष. नावाचा रकाना कोरा. बापाचं नाव बरोबर. आईचं नाव गोदावरी. खबर देणाऱ्याच्या रकान्यात आमच्या वडिलांची सही, उर्दूत. निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस, पोथी मराठीत वाचायचा पण सही कायम उर्दूत. माळवद गेल्यापासून वडिलांच्या हातचं काहीच आमच्याकडं उरलं नव्हतं. मी बराच वेळ त्या सहीकडंच बघत होतो. ग्रामसेवक म्हणाला, "काका, पान उलटू का?"

आता या एका ओळीत किती भानगडी होत्या बघा. एक, मुलाचं नावच नाही. बारसं व्हायच्या आत नोंद झाली, नंतर कोण जातंय? दोन, आईचं नाव गोदावरी, आणि आक्काच्या आधारला, रेशनला, पासपोर्टला सुलोचना. लग्नात सासरच्यांनी तांदळात नाव बदललेलं. वडिलांनी नोंद देताना लेकीचं त्यांच्या तोंडातलं नाव सांगितलं. तीन, तारीख 3 ऑगस्ट, आणि शाळेत, सनदेवर, पासपोर्टवर 1 जून 1976. चार, जिल्हा उस्मानाबाद. कारण लातूर जिल्हा झालाच 1982 साली.

त्या 1 जूनबद्दल मला कबुली द्यायचीय. सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत घेता येत नव्हतं. पोरगं दोन महिन्यांनी कमी भरलं की गुरुजी 1 जून लिहायचे. मीही लिहिलाय, किती वेळा ते विचारू नका. निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस त्यामुळं एकाच दिवशी येतो.

एका एजंटानं सांगितलं, "काका, पाच हजार द्या, 1 जूनचा दाखला बसवून देतो." मी त्याला ओट्यावरून उठवलं. श्रोतेहो, अमेरिकेच्या कायद्यात खोटा कागद देऊन व्हिसा मागितला आणि पकडलं, तर आयुष्यभराची बंदी बसू शकते. चुकलेला खरा कागद चालतो, त्याचा खुलासा करता येतो. नीटनेटका खोटा कागद चालत नाही. पुन्हा सांगतो, खऱ्या कागदातली चूक सांगून टाका, लपवू नका.

आम्ही तेच केलं. नोंदीत मुलाचं नाव घालून घेतलं. नाव घालायची मुदत तशी पंधरा वर्षांची, पण सरकार ती अधूनमधून वाढवतं आणि तेव्हा ती उघडी होती. गोदावरी आणि सुलोचना एकच बाई, असं आक्काचं प्रतिज्ञापत्र केलं आणि राजपत्रातही नाव छापून घेतलं. तारखेचा खुलासा मी लिहिला, कंदील घेऊन गेलेला साक्षीदार म्हणून. इंग्रजीत करताना गोदावरीला व्ही की डब्ल्यू यावरून भाच्याशी दोन दिवस वाद झाला. तिकडून एकदा आणखी पुरावा मागणारं पत्र आलं, ते उत्तरलं, आणि अर्ज मंजूर झाला. मध्ये कोरोना आला, वकिलात बंद राहिली, वर्षं गेली.

वेळ संपत आला म्हणतायत, तर राहिलेलं भराभर सांगतो.

मुलाचा अर्ज मंजूर झाला की फाईल न्यू हॅम्पशायर राज्यात पोर्ट्समथला नॅशनल व्हिसा सेंटरकडं जाते. तिथं फी भरायची, डीएस-260 नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद स्कॅन करून चढवायचे. मुलानं आय-864 भरायचा, म्हणजे आईचा खर्च मी उचलीन अशी हमी, सोबत त्याचे तिथले टॅक्सचे कागद. आईसाठी अर्ज असेल तर मुलाचा जन्मदाखला पुरतो, वडिलांसाठी असेल तर आईवडिलांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. तो काढायला लग्नपत्रिका कामी येते. हल्ली पत्रिकेत चाळीस प्रेषक आणि "माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असतं, पण नवरीचं माहेरचं पूर्ण नाव सापडत नाही. ते तेवढं छापत जा.

आईचा स्वतःचा जन्मदाखलाही लागतो. जन्मनोंदीचा कायदा आपल्याकडं 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद नसेल, तर नोंद उपलब्ध नाही असा दाखला घ्यायचा आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची दोन प्रतिज्ञापत्रं जोडायची. आमच्या नव्वदीच्या घरातल्या चुलतीला नोटरीनं विचारलं, ही कधी जन्मली? ती म्हणाली, "रझाकार गेल्यावर पाचव्या साली." नोटरी तरुण होता, त्यानं माझ्याकडं बघितलं. रझाकार गेले 1948 ला, मी हिशेब करून 1953 सांगितलं.

विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. आमचे भाऊजी बार्शीला दवाखान्यात वारले, आम्ही दाखला मागत होतो केजच्या गावात. जिथं घडलं, तिथं नोंद! बार्शी नगरपालिकेत पंधरा मिनिटांत मिळाला.

सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला पोलीस दाखला, पीसीसी. तो ठाण्यातून नाही, पासपोर्ट कार्यालयातून, फी 500 रुपये. कोणी दुबईला वर्षभर राहिलं असेल तर तिथलाही आणावा लागतो. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि भाषांतर करणाऱ्यानं, मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर खरं आहे, असं लिहून सही करायची. वैद्यकीय तपासणी वकिलातीनं ठरवून दिलेल्या डॉक्टरकडंच, तुमच्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही.

आणि कागद लॅमिनेट करू नका हो! हात जोडतो. त्यावर नंतर सही होत नाही, शिक्का बसत नाही, उलट्या बाजूचं दिसत नाही. ज्यानं आपल्या तालुक्याच्या गावात पहिलं लॅमिनेशनचं मशीन आणलं, त्याचा मला एकदा पत्ता पाहिजे.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. स्कॅन चढवले असले तरी सगळे अस्सल कागद बरोबर न्यायचे. आम्ही लातूर-मुंबईनं गेलो. आत पिशवी चालत नाही, मोबाइल चालत नाही, म्हणून तिची पिशवी मांडीवर घेऊन मी बाहेर फूटपाथवर बसलो. पावणेदोन तासांनी आक्का आली. मी विचारलं, काय विचारलं गं? म्हणाली, "गोदावरी कोण, म्हणले. मी म्हणलं, मीच. आन सुलोचना? म्हणलं, ती बी मीच. हसले आन जावा म्हणले."

आता आक्का तिकडंच असते. तिची शाळेतली तारीखही 1 जून आहे, गुरुजींची कृपा. भाच्याची 1 जून, आणि माझीही 1 जूनच. गेल्या वर्षी त्यांनी केक कापताना मला व्हिडिओवर घेतलं होतं. नातीनं इंग्रजीत विचारलं, आपल्या घरात सगळे एकाच दिवशी कसे जन्मले? भाचा म्हणाला, मामाआजोबांना विचार, ते शाळेत होते.

नमस्कार.