शुभेच्छापत्र पोस्टानं जन्माला घातलं

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी जवळ आली की कोकणातल्या ओटीवर एक तक्रार हमखास ऐकू येते. "मुंबैच्या पोरांक दोन ओळी लिवूक येळ नाय, आयती आलेली चित्रां फुडे ढकलतत." तक्रार रास्त आहे, पण नवी मुळीच नाही. छापील शुभेच्छापत्र निघालं तेच मुळी पत्र लिहायला सवड नव्हती म्हणून.

१८४३ सालचं लंडन. हेन्री कोल हे सरकारी अधिकारी कामात बुडालेले, आणि नाताळाच्या पत्रांचा ढीग समोर. उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. मग त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं, शिळाप्रेसवर छापलं, हातानं रंगवून घेतलं. पाठवणाऱ्यानं फक्त नावं भरायची. हे कार्ड एका शिलिंगला विकायलाही ठेवलं. कामगाराच्या खिशाला ते परवडणारं नव्हतं. चित्रात अख्खं कुटुंब वाइनचे पेले उंचावून बसलेलं, आणि त्यात एक चिमुरडं पोरही घोट घेतंय! दारूबंदीवाले खवळले. खवळणारच.

पण कोलसाहेबांना हे सुचलं त्याला पोस्टाचाही हातभार होता. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत, देशात कुठेही पत्र जाऊ लागलं होतं. ही पद्धत बसवायला खुद्द कोल यांनीच मदत केली होती. त्याआधी अंतर मोजून पैसे, आणि तेही बहुधा पत्र घेणाऱ्याकडून. असली शुभेच्छा कोण सोडवून घेईल?

आपल्याकडे १८५४ साली हलक्या पत्राला अर्धा आणा ठरला. पत्र वेंगुर्ल्याहून गिरगावात जावो की कलकत्त्याला, दर तोच. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. गिरणीतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर यायची तीही याच पोस्टातून, आणि तिच्या तळाशी चार शब्द लिहायला जागा असायची. कोकणातल्या कित्येक घरांची खरी शुभेच्छा तीच, असं माझं मत आहे.

रंगीत कार्डं पुढे आली: दिवाळीला पणत्यांची, संक्रांतीला तिळगुळाची. त्यांतही काटकसर होतीच. पाकीट चिकटवायचं नाही, तोंड नुसतं आत खोचायचं, वर 'बुक पोस्ट' लिहायचं, की तिकीट कमी लागे. अट एवढीच, की आत खुशालीचा मजकूर लिहायचा नाही. 'आंब्याची पेटी पोचली का' असं विचारलंत, तर ते पत्र झालं, दर पुरा!

माळ्यावरच्या ट्रंकेत अशी कार्डं असतील तर चित्राआधी पाकीट पाहा. शिक्का पुसट नसेल, तर कुठल्या पोस्टातून, कोणत्या दिवशी निघालं, तेही वाचता येईल.