पॅरिस माउंटन: तांब्यासाठी पोखरलेला डोंगर

डोंगर निसर्गाचा, पण त्याच्या पोटातला हा लालपिवळा खड्डा माणसाचा. वेल्सच्या वायव्येला अँगलसी बेटावर आहे हे पॅरिस माउंटन. फ्रान्सशी याचा काही संबंध नाही. उंची जेमतेम 147 मीटर, आपल्याकडे याला टेकाडच म्हणतील. पण 1780 च्या दशकात जगातल्या सगळ्यांत मोठ्या तांब्याच्या खाणी इथे होत्या.

2 मार्च 1768 ला इथे तांब्याचं घबाड सापडलं. शेजारीच अम्लुखचं बंदर. गिऱ्हाईकही तगडं, ब्रिटिश आरमार! समुद्रातले जीव लाकडी जहाजांचे तळ पोखरायचे, म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकले जाऊ लागले. टॉमस विल्यम्स या वकिलाने सगळा धंदा मुठीत घेतला. सरकारी चिल्लर मिळेना, तेव्हा 1787 पासून खाणीने स्वतःची नाणीसुद्धा पाडली.

वकिलाचं नाव इतिहासात राहिलं. खनिज फोडणाऱ्या बायका मात्र नुसत्या ‘कॉपर लेडीज’. डाव्या हाताला लोखंडी कड्यांचा मोजा, उजव्या हातात हातोडा. दगड लोखंडी ठोकळ्यावर धरायचा, ठेचायचा, तांब्याचा भाग निवडून बाजूला काढायचा. दिवसभर हेच.

आता हे हौद बघा. माझ्या मते इथली सगळ्यांत हुशारीची गोष्ट हीच. खाणीच्या पाण्यात तांबं विरघळलेलं असतं. ते पाणी हौदात सोडायचं आणि वर भंगार लोखंड टाकायचं. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवला होता ना? तेच. लोखंड विरघळतं आणि तांबं गाळ होऊन तळाशी बसतं. उरलेल्या पाण्यातून पिवळी माती निघायची, तीही रंगासाठी विकली जायची. खोदकाम थंडावल्यावरही हौद चालू होते, थेट 1950 च्या दशकापर्यंत.

माथ्यावरचा मनोरा 1878 च्या पवनचक्कीचा, पाणी उपसायला बांधलेली. त्याहून जुनं बरंच काही जमिनीखाली आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या खोदकामातला लाकडाचा कोळसा आणि दगडी हातोडे तिथे सापडलेत.

खाली एका बांधामागे आम्लयुक्त पाणी तुंबलं होतं. बांध फुटला तर अम्लुखला धोका, म्हणून 2003 मध्ये ते बाहेर काढलं. पूर्वी खाणीचं बरंचसं पाणी दक्षिणेकडे जायचं. आता ते उत्तरेच्या ओढ्याने अम्लुखपाशी समुद्राला मिळतं, तांबं आणि जस्त सोबत घेऊन.