आठ वाजले, इंजिन बंद

(काळी स्क्रीन. फक्त आवाज.)

हेडफोन असतील तर लावा, कारण हा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर कळतच नाही. धड धड धड धड, इतका खालचा सूर की कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. नोव्हेंबर महिना, रात्रीचे सव्वाअकरा, लंडनचा रीजंट्स कॅनॉल, आणि मी बेडवर टक्क जागी. शेजारच्या बोटीचं डिझेल इंजिन चालू आहे. आणि शेजारची म्हणजे किती शेजारची, तर मधे एक फेंडर आहे, म्हणजे बोटी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून टांगलेली रबरी उशी, तेवढंच अंतर.

(सकाळ. काठाला दोन-दोन बोटी एकमेकींना बांधलेल्या.)

हे आमचं घर. नॅरोबोट. लांबी 57 फूट, रुंदी 6 फूट 10 इंच, म्हणजे दोघं समोरासमोर आले की एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. इतकी अरुंद का, तर इंग्लंडमधल्या जुन्या अरुंद कालव्यांवरची लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पाण्यात नेणारे दरवाजांचे हौद, जेमतेम 7 फुटी आहेत, बोट त्यातून जायला हवी ना. हा रीजंट्स कॅनॉल मात्र रुंद आहे, 1820 साली पूर्ण झाला, लिटल व्हेनिसपासून लाइमहाउसपर्यंत साधारण 14 किलोमीटर, मालवाहतुकीसाठी खणलेला. आता माल जात नाही, माणसं राहतात. काठावर जागा कमी आणि बोटी भरपूर, म्हणून एकीच्या कडेला दुसरी बांधायची, आणि बाहेरच्या बोटीवरचा माणूस घरी जायला आतल्या बोटीवरून चालत जातो. आमची आतली. म्हणजे शेजारी उशिरा आले की त्यांची पावलं आमच्या डेकवर वाजणार, यात काही तक्रार नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. कॉमन गॅलरी, पातळ पार्टिशन, पलीकडच्या काकूंचा कुकर किती शिट्ट्यांवर बंद होतो ते आम्हाला पाठ. त्यामुळे इथे आलो तेव्हा वाटलं, आवाजाचं काय एवढं, आपण त्यातच लहानाचे मोठे झालो. पण बोटीवरचा आवाज वेगळा असतो आणि तो का वेगळा हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला. बोटीचा तळ साधारण 10 मिलिमीटर पोलादाचा, बाजू 6, वरचं छप्पर 4. पोलाद आवाज गिळत नाही, पुढे पाठवतं. पाण्यातून आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. त्यामुळे दोन बोटी सोडून तिसरीवर इंजिन चालू असलं तरी उशीला कान टेकवला की कळतं, आणि कोणी जनरेटर छतावर ठेवून चालवला तर ते सगळं छत ताशासारखं वाजतं. जनरेटरखाली जाड रबरी मॅट टाकली तर बराच फरक पडतो, हे मी आता प्रत्येकाला सांगत सुटते.

(फेंडरचा क्लोजअप. करकर.)

हा दुसरा आवाज. शेजारून एखादी बोट जरा जोरात गेली की सगळ्या बांधलेल्या बोटी पुढेमागे ओढल्या जातात, दोर करकरतात, फेंडर कोकलतात. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून खूप हळू जायचं ही रीत. तिरके दोर लावून बोट नीट ताणून बांधली तर झोप लागते, ढिली बांधली तर रात्रभर करकर सुरू, आणि त्याचा दोष शेजाऱ्याला देऊन उपयोग नाही.

आणि हे तिसरे शेजारी. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. इंग्रजीत कूट, आपल्याकडे याला वारकरी म्हणतात, हाच पक्षी, आपल्या तलावांवर हिवाळ्यात दिसतो तोच. इथे तो बोटीच्या सुकाणूवर, टायरवर, जिथे जमेल तिथे काटक्या-प्लॅस्टिक जमवून घरटं करतो आणि रात्री दोन वाजतासुद्धा ओरडतो. त्याचं मला कधीच काही वाटलं नाही.

(पुन्हा रात्र. इंजिन.)

इंजिनाचं वाटलं. कारण नियम आहे. इंग्लंड-वेल्समधले साधारण 3,200 किलोमीटर जलमार्ग 2012 पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था बघते, त्यांच्या बोटीच्या लायसन्सच्या अटींमध्ये लिहिलंय, रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही, आसपास कोणीच नसेल तर गोष्ट वेगळी. अट सगळ्यांना माहीत असते. मग तरी का चालवतात? मजा म्हणून कोणी डिझेल जाळत नाही हो. आम्हाला काठावरून वीज नसते, सगळं बॅटरीवर, दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप, फोन. उन्हाळ्यात छतावरची सोलर पॅनल पुरतात. डिसेंबरात लंडनला उजेडच जेमतेम आठ तास, सूर्य खाली, त्यात ढग, पॅनल नावाला. मग बॅटरी चार्ज करायची तर इंजिन. आणि दिवसभर नोकरीला गेलेला माणूस सहा-साडेसहाला घरी येतो, त्याच्या हातात दीड-दोन तास. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या हळू चार्ज होतात, वारंवार निम्म्याच्या खाली उतरवल्या की खराब होतात, आणि खराब झाल्या की अजून जास्त वेळ इंजिन. या चक्रात सगळेच कधी ना कधी अडकतात, आम्हीही अडकलोय.

त्या आठवड्यात लागोपाठ चार रात्री इंजिन चालू होतं. नवरा म्हणाला, दोर सोडू आणि जाऊ, घराला चाकं नाहीत पण तरंगतं तर आहे. आणि हे सगळे म्हणतात, शेजारी आवडला नाही तर निघून जा, बोटीचा हाच तर फायदा. मला हे पटत नाही. एक तर हिवाळ्यात मध्य लंडनमध्ये नवीन जागा शोधायची म्हणजे अख्खा दिवस जातो. आणि दुसरं म्हणजे आपण गेलो तरी आवाज तिथेच राहतो, आपल्या जागी येणाऱ्याला मिळतो. चाळीत कोणी निघून जाऊ शकत नव्हतं, म्हणून दार वाजवायची सवय होती.

रात्री नाही गेले. रात्री सव्वाअकराला चिडून गेलं की भांडणच होतं. सकाळी दहाला गेले, चहा घेऊन, आणि त्यांच्या छतावर दोनदा टकटक केलं, इथे तशीच पद्धत आहे, न विचारता दुसऱ्याच्या बोटीत डोकं घालायचं नाही. सत्तरीचे आजोबा, एकटे. मी म्हणाले, “तुमचं सगळं ठीक आहे ना? रात्री इंजिन ऐकू येतंय.” आवाज बंद करा असं म्हणाले नाही, ठरवूनच. ते आधी नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, “माफ करा, पण ते बंद केलं की माझं मशीन बंद पडतं.”

स्लीप ॲप्नियाचं मशीन. झोपेत श्वास अडतो त्यांचा. बॅटऱ्या जुन्या, संध्याकाळी भरलेल्या दिसायच्या आणि दोन-तीन तासांत खाली. नवीन बॅटऱ्या पुढच्या महिन्याच्या पेन्शनवर. मी तिथे उभी होते आणि मला चार रात्रींतला माझाच राग आठवत होता.

(दोन बोटींमधून गेलेली केबल.)

उपाय नवऱ्याने काढला आणि तो अगदी साधा होता. त्या मशीनला ओलावा देणारी गरम पाण्याची छोटी टाकी असते, जास्त वीज ती खाते. आजोबांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, काही दिवस ती बंद ठेवली तर चालेल असं डॉक्टर म्हणाले. नुसतं मशीन फार खात नाही. मग आमच्या बॅटऱ्यांवरून एक केबल त्यांच्या खिडकीतून आत, रात्रीपुरती. आणि त्याच्या बदल्यात सकाळी 9 ते 11 दोघांनीही आपापलं इंजिन चालवायचं, एकाच वेळी, म्हणजे उरलेला दिवस दोघांनाही शांत.

एक गोष्ट इथे थांबून सांगते कारण ती महत्त्वाची आहे. शेजारच्या इंजिनाचा नुसता आवाज येत नाही, धूरही येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 2019 पासून राहत्या बोटींवर त्याचा अलार्म लावणं सक्तीचं आहे. अलार्म वाजला तर सौजन्य वगैरे काही नाही, रात्री तीन असले तरी आधी स्वतः बाहेर पडा, मोकळ्या हवेत या, आणि मग शेजाऱ्याचं छत जोरात बडवा.

सगळीकडे असं गोड होत नाही. स्पीकर लावून पहाटेपर्यंत दारू पिणारेही भेटलेत, दोनदा बोलूनही ऐकलं नाही. तिथे कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, जाता येतं, 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात आवाजाच्या उपद्रवासाठी बोटसुद्धा धरली जाते. आणि काठावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी गोंगाट करणारे शेजारी म्हणजे आम्ही, हे विसरून चालणार नाही. त्यांची खिडकी आमच्या एक्झॉस्टच्या बरोबर वर असते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी एकदा वरून हात हलवून घड्याळ दाखवलं, साडेआठ झाले होते, आमचं इंजिन चालू होतं. त्याच क्षणी बंद केलं.

(दोर सुटतोय. बोट निघते.)

आमच्यासारख्या, कायमची जागा नसलेल्या बोटींना 1995 च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. तेराव्या दिवशी आजोबांच्या पुतण्याने नवीन बॅटऱ्या आणल्या, नवऱ्याने जोडून दिल्या. चौदाव्या दिवशी ते पूर्वेला गेले, आम्ही पश्चिमेला.

(संध्याकाळ. नवीन जागा. अनोळखी बोट, खिडकीत दिवा.)

बोट बांधून झाली. अजून स्वयंपाक व्हायचाय. पण आधी हे. टकटक.

“नमस्कार, आम्ही आजच आलो शेजारी. आमचं इंजिन सकाळी 9 ते 11 चालतं. तुम्हाला चालेल ना?”