राज्य कुणावर?

मंडळी, आयोजकांनी विषय दिलाय ‘हरवलेले खेळ’. या विषयावर मोबाइलला चार शिव्या घालायच्या, लगोरीचं नाव घ्यायचं, सभागृहाने ‘अहाहा’ करायचं आणि चहाला उठायचं, असा रिवाज आहे. चहा आहेच. पण खेळ खरंच हरवलेत का, ते आधी बघू.

कबड्डी १९९०पासून आशियाई स्पर्धेत आहे. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत आपण जिंकलो. २०२३ साली आपल्या गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा लगोरीसुद्धा प्रात्यक्षिक खेळ म्हणून त्यात होती. मग आपण हळहळतो ते कशासाठी? मला विचाराल तर पंच नसलेल्या खेळासाठी.

कोयंडोबाल घ्या, घाटावर ज्याला विटीदांडू म्हणतात तो. विटी लांब गेली की मारणारा अंदाजाने आकडा मागायचा, ‘पन्नास दांडू!’ समोरच्यांनी कबूल करायचं, नाहीतर ‘मोज’ म्हणायचं. मोजून कमी भरलं तर मारणाऱ्याचं सगळं गेलं. बरोबर निघालं तर त्याला तेवढे गुण. आता नऊ वर्षांच्या पोराने उन्हात उभं राहून ठरवायचं, की हा फेकतोय की खरं बोलतोय. मोजतानाही दांडू जरा सरकवायचा, मग आरडाओरडा, मग पुन्हा पहिल्यापासून. खेळापेक्षा वाद लांबायचा. आणि वाद मिटायचाच, कारण अंधार पडत आलेला असायचा नि दांडू ज्याचा तो रुसून निघाला तर सगळंच बंद!

कच्चा लिंबूही तसाच. धाकट्या भावाला घेतल्याशिवाय आई सोडायची नाही. तो आऊट झाला तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण भिडू म्हणून उभा आहे. कुठल्याही छापील नियमावलीत ही सोय मला सापडलेली नाही.

काजूच्या दिवसांत बियांचा खेळ. इथे मामला पैशाचा होता. हरलेली बी म्हणजे दुकानदाराकडे विकायचा माल गेला, त्यामुळे रडीचा डाव खेळणाऱ्याची गय नव्हती. घरच्या डब्यातल्या बिया खेळात लावून हरलेल्यांना घरी काय मिळायचं, ते इथल्या काहींना आठवत असेल. हसताय म्हणजे आठवतंय.

हे सगळं चालायचं त्या जमिनी कुठे गेल्या, हे मात्र कुणी विचारत नाही. सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी झाली की ज्या शेतांना पाणी नव्हतं ती पावसापर्यंत मोकळी. भाटकाराची म्हणजे जमीनदाराची असोत की कोमुनिदादची म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, पोरांना कुणी हाकलत नसे. फार तर कौल फुटलं तर शिव्या. आज त्यातली काही पडीक आहेत नि कमरेएवढं गवत वाढलंय, काहींत माती टाकून कुंपणं घातलीत. देवळापुढच्या अंगणात गाड्या लागतात. पोरगं मोबाइल टाकून उठलं, तरी त्याने जायचं कुठे?

पण आठवणी काढताना लबाडीही नको. मुलींच्या वाट्याला यातलं किती आलं? गणेश चवथीला फुगडी, पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागी, धालो हा बायकांचा नाच. एरवी बारा-तेराची झाली की विहिरीवरून पाणी आण, धाकट्याला कडेवर घे. ‘आम्ही सगळे वाडे एकत्र खेळायचो’ म्हणणाऱ्यांनी खेळून तहान लागल्यावर कोण कुणाच्या घरी पाणी प्यायचं, तेही सांगावं. विटी लागून डोळा गेलेला एखादा माणूस तर गावोगाव भेटतो.

आता तुमच्या मे महिन्यातल्या शिबिराविषयी. पत्रकात ‘पारंपरिक खेळ, प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली’ असं छापलंय. प्रशिक्षकांना त्या तासाला चहा पाजा. सात चपटे दगड, एक चेंडू आणि सावलीतली जागा मुलांना द्या, आणि तुम्ही आत बसा. पहिले दोन दिवस नुसती भांडणं होतील. कुणी रडत आलं तर ‘काय झालं’ विचारा, पण निकाल देऊ नका. तिसऱ्या दिवशी त्यांचे नियम ऐका. लगोरीचे नसतील बहुधा.

चला, चहा आलाय.