नाशिकरोडला छापलेला बिननावाचा कागद

ही नाशिकरोडची प्रेस. पूर्ण नाव इंडिया सिक्युरिटी प्रेस, पण इकडे तसं कुणी म्हणत नाही, "मुलगा प्रेसला आहे" एवढं सांगितलं की लग्नाची बोलणी पुढे सरकायची. नोटा शेजारच्या करन्सी प्रेसला छापतात, इथे पासपोर्ट, पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर. आणि 2018 पासून 2024 पर्यंत इलेक्टोरल बाँड, म्हणजे निवडणूक रोखे, राजकीय पक्षांना देणगी द्यायचे कागद, ते पण इथलेच.

आता साधा स्टॅम्पपेपर घ्यायला जा. व्हेंडर नाव विचारणार, कशासाठी पाहिजे ते विचारणार, रजिस्टरला नोंद करून सही घेणार. शंभर रुपयाच्या कागदाला एवढं सगळं (आता तर शंभराचा बंदच केला, पाचशेचाच घ्या म्हणतात, असो). आणि त्याच प्रेसमधून निघालेला एक कोटीचा बाँड, त्याच्यावर घेणाऱ्याचंही नाव नाही आणि ज्या पक्षाला दिला त्याचंही नाही.

पद्धत सोपी होती. स्टेट बँकेच्या ठराविक शाखेत जायचं, केवायसी झालेल्या खात्यातून पैसे भरायचे, बाँड घ्यायचा, पक्षाने तो 15 दिवसांत वटवायचा. आधी कंपनीला नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, 2017 ला ती अटही काढली, मग तोट्यातली कंपनी सुद्धा कोटी देऊ शकायची, कुठून देते ते विचारायचं नाही. बरं छपाई आणि बँकेचं कमिशन? घेणाऱ्याला एक पैसा नाही, ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपणच भरलं की.

पण बिननावाचा म्हणजे बिनखुणेचा नाही हं. एप्रिल 2018 मध्येच एका पत्रकार बाईंनी हजार हजाराचे दोन बाँड घेऊन लॅबला दिले, तर अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली कोपऱ्यात नंबर दिसला, प्रत्येकावर वेगळा. सरकार म्हणालं तो नुसता सुरक्षेसाठी आहे.

पुढे 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी अख्खी योजनाच घटनाबाह्य ठरवली, पक्षाला पैसा कोण देतो हे मतदाराला कळलं पाहिजे म्हणून. गंमत बघा, 12 तारखेलाच अर्थ मंत्रालयाने एक कोटीचे अजून 10,000 बाँड छापायला मंजुरी दिलेली, आणि छपाई थांबवा असं बँकेला सांगितलं ते थेट 28 ला, तोपर्यंत 8,350 छापून रवाना पण झाले होते. हे माहिती अधिकारात बाहेर आलं.

कुणी बाँड घेतले आणि कुणी वटवले ही माहिती कोर्टाने स्टेट बँकेकडे मागितली, तर बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचं मतदान उरकून गेलं असतं. कोर्टाने एक दिवस दिला. मग आकडे आले, सगळ्यात जास्त बाँड घेणारी निघाली एक लॉटरी कंपनी, 1,368 कोटी. आणि ते लपलेले नंबर? तेही बँकेकडे होतेच, 21 मार्चला दिले, मग कुणाचा बाँड कुठल्या पक्षाने वटवला ते लोकांनी घरबसल्या जुळवलं.

बाँड गेले. पण पक्षांना आजही 20,000 पर्यंतच्या देणगीत देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही, रोख 2,000 च्या वर घ्यायची नाही एवढंच. आणि एका मोठ्या रकमेच्या छोट्या छोट्या पावत्या कशा फाडतात हे गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.